नालवाडीत गाड्यांना कपडे मिळतात

आमच्या धंद्यात एक मजा आहे. गिऱ्हाईक गाडी सोडून निघून जाऊ शकत नाही, कारण तो त्याच गाडीने आलेला असतो! मग तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो, पंखा स्वतःकडे वळवून घेतो आणि बोलायला लागतो. गाडीवर व्हिनाइल चढेपर्यंत त्याचा साडू, त्याची विहीर, त्याच्या गावचं राजकारण सगळं आमच्यापुढे येऊन पडतं. संध्याकाळी दुकान झाडताना व्हिनाइलची कातरणं बाहेर जातात, किस्से तेवढे आतच राहतात.

व्हिनाइल म्हणजे पातळ, चिकट प्लास्टिकचा ताव. त्यावर हवं ते छापायचं आणि गाडीला अंगभर चढवायचं, याला म्हणतात रॅप. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत आमचं पत्र्याचं शेड आहे. मी माप घेतो आणि भाव सांगतो. माझी बायको रजनी कॉम्प्युटरवर डिझाइन करते. आणि चढवतात ते दिवाकरभाऊ. हे आधी पेंटर होते, अर्ध्या जिल्ह्यातल्या ट्रकांच्या पाठी त्यांनी रंगवल्यात. रंगाचं काम कमी झालं तेव्हा ब्रश ठेवून त्यांनी हातात व्हिनाइल दाबून बसवायची पट्टी घेतली. माणूस गुणी आहे, आणि आपण गुणी आहोत हे तो दिवसातून चारदा सांगतो.

दुकान टाकलं तेव्हा गावात एकच वाक्य होतं. "असं काम वर्ध्यात होत नाई गा, नागपूरले जा लागते!" माझे सख्खे सासरेसुद्धा हेच म्हणाले होते. मोठी गाडी दिसली की ती आमच्या शेडवरून सरळ नागपूरला जायची आणि मी काढलेला टेप पुन्हा गुंडाळून ठेवायचो. ते वाक्य गावाच्या तोंडून काढायचं, एवढंच माझं स्वप्न होतं. आणि ते दिवाकरभाऊंच्या हातांशिवाय होणार नाही, हे मला माहीत होतं, रजनीला माहीत होतं, आणि पंचाईत अशी की दिवाकरभाऊंनाही माहीत होतं!

•

पहिलं मोठं काम आलं एका स्कूल व्हॅनचं. मालक सेलूकडचे, हिशेबाला पक्के. मी टेपने माप घेतलं आणि चौरस फुटाचा भाव सांगितला. त्यांनी खिशातून स्वतःची दोरी काढली आणि सगळ्या खिडक्या मोजून आले.

"एवढं कमी करा."

"काऊन?"

"खिडकीवर तुम्ही काई लावून राह्यले काय? तिथं तर काच आहे! मंग काचेचे पैसे कायचे?"

मी समजावलं की ताव अख्खा चढतो, खिडकीचा भाग मागून कापून निघतो, तो वाया जातो. पटेना. शेवटी रजनी कॉम्प्युटरवरून उठून आली.

"काकाजी, टेलर शर्ट शिवते तवा गळ्याले भोक पाडते ना? तेवढ्या कापडाचे पैसे तुमी दुकानदाराले कापून मागता काय?"

काकाजींनी दोरी गुंडाळून खिशात ठेवली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

"बाई," ते म्हणाले, "आमचे कपडे माहा सासरा शिवते. कापडबी तोच आणते!"

तरी पण काकाजींनी गाडी आमच्याकडेच दिली. पुढच्या वर्षी दुसरी व्हॅनही आणली. दोरी मात्र अजून सोबत असते.

•

मग आली दुधाची गाडी. सावंगीच्या होस्टेलांना दूध घालणारे गुणवंतराव त्यांची व्हॅन घेऊन आले. रजनीने त्यांना इंटरनेटवरची एक गोरीगोमटी गाय दाखवली. ते चिडले.

"दूध माही राणी देते, अन् फोटो या परदेशीनचा लावू?"

राणी म्हणजे त्यांची म्हैस. रजनी गोठ्यावर जाऊन फोटो काढून आली. राणी अख्खी व्हॅनच्या डाव्या अंगावर बसवली, शिंगापासून शेपटीपर्यंत. दिवाकरभाऊंनी असं चढवलं की हात फिरवला तर केस लागतील असं वाटावं. गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमची छाती फुगली.

चौथ्या दिवशी ते परत आले, तोंड पाडून.

झालं असं होतं की त्या व्हॅनचं दार सरकवायचं होतं. दुधाचे कॅन उतरवायला दार सरकवलं की राणीची मान धडापासून वेगळी होऊन मागे जायची! सावंगी पडलं मेडिकल कॉलेजचं, डॉक्टरांचं गाव. होस्टेलच्या पोरी रोज खिडकीतून ओरडायच्या, "भाऊ, झालं का ऑपरेशन?"

चूक आमची होती. दार कसं उघडतं हे आम्ही तिघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. राणी पुन्हा छापली, आमच्या खर्चाने. या वेळी दिवाकरभाऊंनी तिला पूर्ण मागे घेतलं आणि दारावर नुसतं हिरवं गवत दिलं. आता दार उघडलं की गवत सरकत राणीपुढे येतं आणि राणी जागच्या जागी उभी राहते.

"राणीले दाखवली काय गाडी?" दिवाकरभाऊंनी विचारलं.

"दाखवली ना!"

"ओळखलं तिनं?"

"ओळखलं कायचं? आपल्या गोठ्यात दुसरी म्हैस कुठून आली म्हून गाडीले शिंग माराले धावली!"

दिवाकरभाऊंना आजवर मिळालेलं हे सर्वांत मोठं सर्टिफिकेट, असं ते स्वतःच सांगतात.

•

वर्ध्याचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. या दिवसांत उन्हातून आलेल्या गाडीवर व्हिनाइल टेकवलं की ते तिथेच घट्ट बसतं, उचलून पुन्हा लावायची सोयच नाही. म्हणून मे महिन्यात आम्ही सकाळीच कामाला लागतो, आणि उन्हातून आलेली गाडी आधी सावलीत गार होऊ देतो.

एकदा थंड पाण्याचे जार विकणारे एक शेठ भर दुपारी टेम्पो घेऊन आले. प्रचंड घाईत होते. दिवाकरभाऊंनी बॉनेटला उलटा हात लावला, जसा आजारी माणसाच्या कपाळाला लावतात.

"याले ताप आहे. उतरू द्या."

"ताप? आता उतरवतो!" म्हणत शेठने मागचे जार काढले आणि विकायला आणलेलं गारेगार पाणी बॉनेटवर, छतावर, दारांवर ओतायला सुरुवात केली! रस्त्यावरची माणसं बघायला थांबली. एकाने तर पाण्याची बाटली पुढे केली.

सगळं पाणी संपल्यावर शेठ घाम पुसत म्हणाले, "झाली गाडी थंडी. आता लावा!"

"गाडी झाली शेठ," दिवाकरभाऊ खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "आता फटीतलं पाणी वाळू द्या. अन् तोवर तुमीबी थोडे थंडे व्हा!"

•

निवडणुकीचा किस्सा सांगितला नाही तर दुकान चालवल्याचं पुण्य मिळणार नाही. गावाचं नाव तेवढं सांगत नाही. सरपंचपदाला दोन चुलतभाऊ एकमेकांसमोर उभे होते आणि गावात भाड्याने मिळणारी जीप एकच. आधी ती थोरल्याने घेतली. जीपभर त्याचा हात जोडलेला फोटो आम्ही चढवला. मध्येच भाड्यावरून त्याचं आणि जीपवाल्याचं वाजलं आणि जीप गेली धाकट्याकडे. जीपवाला दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये हजर.

"सगळं काढून नवं लावाचं म्हणजे लय खर्च येईन, प्रशांतभाऊ?"

"येईनच."

त्याने जीपभोवती एक चक्कर मारली. मग डोळे बारीक करून म्हणाला, "मंग असं करा. हात राहू द्या, नुसतं मुंडकंच बदला!"

मी नाही म्हणत होतो, पण दिवाकरभाऊंना चॅलेंज दिसलं की राहवत नाही. त्यांनी कॉलरच्या रेषेवर असा जोड दिला की शोधूनही सापडू नये. धाकटा गावभर फिरला आणि निवडूनही आला.

निकालाच्या दिवशी थोरला जीपसमोर उभा राहून ओरडत होता, "अबे, ही अंगठी माही आहे! लोकायनं हात माहे पाहून मत देल्लं!"

•

यानंतर आले मेश्राम सर. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शांत माणूस. त्यांनी जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पुस्तकांची कपाटं बसवली होती. आष्टीकडच्या खेड्यांतून ही व्हॅन फिरणार, पोरांना फुकट पुस्तकं वाचायला देणार. त्यांना पूर्ण निळी गाडी हवी होती आणि अंगावर एक मोठं पांढरं अशोकचक्र.

"हे काम नागपूरला द्या, असं मला सगळ्यांनी सांगितलं," सर म्हणाले. "पण गाडी फिरणार आपल्या जिल्ह्यात. म्हटलं, आधी इथं विचारावं."

त्या वाक्यावर मी भाव सांगायचाच विसरलो.

अडचण अशी होती की सरांना चक्र जिथे हवं होतं, तिथेच डिझेलच्या टाकीचं झाकण होतं. झाकणाला उंचवटा, भोवती फट, आणि चक्राच्या आऱ्या बरोबर त्यावरून जाणाऱ्या. रजनी म्हणाली, चक्र थोडं पुढे घेऊ. दिवाकरभाऊंनी मान हलवली. "सरनं दाखवलं तिथंच बसन."

त्यांनी झाकणाचा तुकडा वेगळा चढवला. हीट गनने गरम करून, ओढून, कडा आत दुमडून. एक आरी केसभर सरकली म्हणून पूर्ण काढून पुन्हा केला. मग पुन्हा एकदा. जेवणाचा डबा तसाच राहिला. शेवटी झाकण लावलं तेव्हा चोवीसच्या चोवीस आऱ्या सरळ होत्या, आणि झाकण कुठे आहे हे हात लावल्याशिवाय कळत नव्हतं.

मेश्राम सरांनी चष्मा पुसला. झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"हे वर्ध्यात झालं?"

"नाई सर," दिवाकरभाऊ म्हणाले, "नालवाडीत!"

त्या दिवशी मी घरी जाऊन सासऱ्यांना मुद्दाम फोन केला. विषय काहीच नव्हता.

•

ती निळी गाडी पुस्तकं आणायला नागपूरला जायची आणि बघणारे तिथेही असतातच. एक दिवस शेडसमोर नागपूर पासिंगची नवी पांढरी गाडी थांबली. उतरलेले गृहस्थ ऐटदार होते, गॉगल वगैरे. नुसतं छत काळं करायचं होतं, चकचकीत, एका तावात, जोड नको. मी टेप घेऊन माप घ्यायला लागलो तेवढ्यात दिवाकरभाऊंनी मला मागे ओढलं.

"हा गिऱ्हाईक नोय. आपल्याच धंद्यातला आहे."

"कशावरून?"

"गिऱ्हाईक गाडी मधात पाह्यते. हा आपल्या शेडमधल्या गाडीच्या कडा पाहून राह्यला. अन् तेबी नखानं!"

नागपूरचा दुकानदार स्वतःचं छत करायला इथे कशाला येईल? तो माणूस बघायला आला होता, आणि जमलं तर दिवाकरभाऊंना घेऊन जायला. दिवाकरभाऊंची मुलगी लग्न होऊन नागपूरलाच आहे, नातू तिथेच. वहिनी सारख्या म्हणायच्या, आपणही तिकडेच जाऊ. निदान भाव तरी कमी सांगावा, म्हणजे माणूस खूश होऊन निघून जाईल, असा एक बावळट विचार माझ्या डोक्यात आला.

रजनीने माझं तोंड बघूनच ओळखलं. "जो भाव नालवाडीले, तोच नागपूरले," ती हळूच म्हणाली. मी तोच भाव सांगितला. गृहस्थांनी एक रुपया कमी करायला सांगितलं नाही, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

दिवाकरभाऊंनी काम सुरू केलं. अख्खा काळा ताव दोन टोकांनी मी आणि रजनीने धरला आणि त्यांनी मधून पट्टी फिरवत बाहेरच्या बाजूला आणली. अँटेनाच्या बुडाशी घडी पडते, तिथे भल्याभल्यांचा ताव फाटतो. त्यांनी हीट गन फिरवली, बोटाने दाबलं, आणि घडी मोडली. नागपूरच्या गृहस्थांनी गॉगल काढला. खुर्ची दिली होती, पण ते शेवटपर्यंत उभेच होते.

काम झाल्यावर त्यांनी छताच्या चारही कडांवरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. मग त्यांनी सरळ विषय काढला, माझ्यासमोरच.

"दिवाकरभाऊ, नागपूरले माहं मोठं दुकान आहे. एसी हॉल आहे. पगार तुमी सांगा, राहाले खोली मी देतो. इथं पत्र्याखाली काऊन जीव जाळता?"

रजनीच्या माउसचा आवाज थांबला. मी टेप गुंडाळत होतो, तो पुन्हा उलगडला, पुन्हा गुंडाळला. थांबा म्हणायचा मला हक्क नव्हता आणि जा म्हणायचं धैर्य नव्हतं.

दिवाकरभाऊंनी फडक्याने हात पुसले. गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. छताच्या एका कोपऱ्यावर श्वास सोडून फडकं फिरवलं.

"तुमच्याकडं एसी हॉल आहे म्हणता?"

"आहे ना."

"कामाले माणसं?"

"पाच आहेत."

"मशीनबी असन मोठी?"

"सगळं आहे, भाऊ!"

"मंग छत चढवाले तुमची गाडी नालवाडीत काऊन आली?"