पारोशी गाडी

गाडी चालवायला मला शेवंताबाईंनी शिकवलं. त्यांचा शब्द न् शब्द मी आजवर पाळत आले, फक्त एक सोडून. गाडी रोज धुवायची, असं त्या सांगत. मी धूत नाही. त्याला कारण आहे आणि ते कारणही त्यांच्याच गाडीने दिलेलं आहे.

१९९६ साली आम्ही पुण्याहून गुडगावला आलो. जयेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नुकत्याच भारतात आलेल्या एका परदेशी कंपनीत नोकरी लागली होती आणि तो कानात वारं शिरल्यासारखा वागत होता. फ्लॅटसमोर मोहरीचं शेत, शेतापलीकडे अर्धवट बांधलेले टॉवर आणि मध्ये नुसती धूळ. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी बाजार लांब. बस नाही, रिक्षावाला त्याच्या मनात आलं तर थांबणार. जयेश सकाळी कंपनीच्या गाडीतून निघून जाई आणि मी बाल्कनीत उभी राहून मोहरी बघत बसे. मोहरी दिसते छान, पण किती बघणार? कॉलनीत माझ्यासारख्या बायका घरोघरी होत्या. नवऱ्यांना नवं जग मिळालं होतं, आम्हाला नवं घर.

एक दिवस किराण्याच्या दुकानाबाहेर पत्र्याची पाटी दिसली. ‘सिर्फ़ महिलाओं के लिए. कार सीखिए. शेवंताबाई.’ नाव वाचलं आणि परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

शेवंताबाई सातारा जिल्ह्यातल्या. नवरा फौजेत ड्रायव्हर, संसार सगळा दिल्लीच्या कॅन्टोन्मेंटमध्ये. नवऱ्याला त्या ‘आमचं मालक’ म्हणत. नाव घेत नसत. त्यांच्याकडची रीतच तशी, आणि बाई रीतीच्या पक्क्या. या मालकांनी एका निवृत्त साहेबाची जुनी फियाट विकत घेतली आणि रविवारी दुपारी मैदानावर नेऊन बायकोला चालवायला शिकवली. शेजारच्या क्वार्टर्समधले लोक हसायला जमत. मालक त्यांना म्हणायचे, हसा, उद्या हीच तुम्हाला स्टेशनावर सोडील. पुढे मालक काविळीने गेले. गावाहून दीर न्यायला आले. मागची खोली रिकामी आहे, तिथे राहा, गुरांचं बघा. बाई ‘येते’ म्हणाल्या आणि गेल्या नाहीत. आमच्या कॉलनीला लागून एक खोली भाड्याने घेतली, फियाट आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी उभी केली आणि ती पाटी लावली.

शिकवताना तोंड तिखट. “क्लच म्हंजी सासूचा पाय न्हवं, सारखा दाबत बसायला!” हे त्या पंजाबी बायकांनाही मराठीतच ऐकवत आणि गंमत म्हणजे त्यांना ते कळे. कमलजीत म्हणून तळमजल्यावरची माझी मैत्रीण होती, ती तर क्लचला ‘सासू’च म्हणायला लागली. मला रिव्हर्स काही केल्या जमत नव्हतं. बाई म्हणत, “वृंदा, मागं बगायचं म्हंजी मागं बगायचं. मनातल्या मनात न्हाई.” पण पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन बाजारात गेले आणि कोथिंबीर घेऊन परत आले, तेव्हा त्या फाटकाशी माझी वाट बघत उभ्या होत्या, आणि माझ्या हातातली जुडी त्यांनी अशी कौतुकाने बघितली की मी जणू एव्हरेस्टवरून बर्फ आणला होता.

संध्याकाळचा शेवटचा क्लास झाला की बाई गाडी धूत. टपापासून टायरपर्यंत. मग बॉनेट उघडून इंजिनावरही दोन तांबे पाणी. सगळीकडे बांधकामाची धूळ, ती त्यांना अजिबात खपत नसे. “आमचा बा म्हनायचा, दिसभर राबल्यालं जनावर धुतल्याबिगर दावणीला बांधू नये. पाप लागतं.” वॉचमनच्या नळाचं पाणी बादल्या-बादल्यांनी संपे. वॉचमन कुरकुरे, बाई लक्ष देत नसत.

त्या साली डिसेंबरात थंडी पडली आणि गाडीने संप पुकारला. सकाळी चावी फिरवली की घर्र घर्र, घर्र घर्र, आणि मग काही नाही. आधीच्या हिवाळ्यांतही ती जरा कुरकुरायची, पण अशी कधी रुसली नव्हती. सकाळच्या क्लासच्या आम्ही चारपाच जणी शाली सोडून धक्का मारायच्या. कधी गाडी खोकून चालू होई, कधी होत नसे. अकरा-बारा वाजता ऊन पडलं की मात्र काही झालंच नाही अशा थाटात सुरू! पण तोवर मुलं शाळेतून यायची वेळ झालेली, कोणाला क्लासला सवड नाही, आणि संध्याकाळी अंधार लवकर.

थंडीचा दोष, यावर सगळ्यांचं एकमत होतं. जयेश गाड्यांची मासिकं वाचायचा. तो म्हणाला, बॅटरी. बाई संध्याकाळी बॅटरी काढून घरी नेऊ लागल्या आणि रात्रभर घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवू लागल्या. फरक शून्य. मग जयेश म्हणाला, चोक. चोकची तार बदलली. मग प्लग बदलले. मग तेल पातळ घातलं. कमलजीतच्या सासूने लिंबू-मिरची बांधली. मेकॅनिक दुपारी यायचा, कारण त्याचं गॅरेजच उशिरा उघडे. त्या वेळी गाडी शहाण्या मुलीसारखी एका फटक्यात चालू व्हायची आणि तो आमच्याकडे, या बायकांचं काय ऐकायचं, अशा नजरेने बघायचा. मला त्याचा फार राग येई.

तेवढ्यात मार्केटमध्ये नवीन ड्रायव्हिंग स्कूल निघालं. चकचकीत गाडी, सकाळी दारात हजर. बाईंच्या विद्यार्थिनी एकेक करून तिकडे गेल्या. मी, कमलजीत आणि आणखी एक दोघी उरलो. त्यातही आम्हा दोघींचं शिकून झालेलं होतं, आम्ही आपल्या धक्का मारायला जायचो. एका सकाळी धक्का मारून दमल्यावर बाई फूटपाथवर बसल्या आणि म्हणाल्या, “संक्रांतीपतूर बगते. न्हाई उठली तर इकते आन् गावाकडं जाते. मागची खोली हायेच.” बोलताना त्यांचा आवाज साधा होता, म्हणूनच ते मला खरं वाटलं. ही बाई गावाकडच्या मागच्या खोलीत? या गावात आम्हाला घराबाहेर काढणारी तीच, आणि तिनेच कोंडून घ्यायचं?

संक्रांत आली. गाडी उठली नव्हती. सतबीर नावाचा जुन्या गाड्यांचा दलाल सकाळीच येणार होता. मी तिळगूळ आणि पाण्याची बाटली घेऊन खाली गेले. धुकं इतकं की फाटकातून फियाट दिसत नव्हती. त्या हिवाळ्यातली सगळ्यात बोचरी सकाळ ती. सतबीर गाडी ओढून न्यायला दोर घेऊनच आला होता. कमलजीत रडवेली होऊन बाजूला उभी होती. बाई म्हणाल्या, “थांबा जरा भाईसाब. शेवटची चावी मैं फिराऊंगी.”

त्या आत बसल्या. चावी फिरवली. आणि गाडी चालू झाली. एकदाही न घुरघुरता, पहिल्याच फटक्यात.

सतबीरचं तोंड उघडंच राहिलं. “बहनजी, ये तो एक सेल्फ में उठ गई! चलो, जो कहा था उससे थोड़ा ज़्यादा दूँगा.”

बाईंनी स्टिअरिंगवर जोरात थाप मारली. “आता गं? आता कशाला उठलीस, भवाने?” त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मीही रडत होते, पण रडता रडता डोक्यात काहीतरी टोचत होतं. आजच कशी? आज तर थंडी सगळ्यात जास्त.

“बाई, काल काय वेगळं केलंत हिला?”

“काय करनार? काल पान्याचा टँकर आला न्हाई. वॉचमननं बादली दिली न्हाई. धुतली बी न्हाई मी हिला. लेक सासरी पारोशी धाडल्यागत वाटतंय बग मला.”

पारोशी. आंघोळ न करता. मी तिथेच थबकले. रोज दुपारी, ऊन खाऊन वाळली की चालू होणारी गाडी. रोज सकाळी, धुवून रात्रभर धुक्यात ओली राहिलेली गाडी. आणि आज, कालपासून कोरडी. “बाई, थंडी नाहीये हो,” मी ओरडलेच. “पाणी! तुमचं पाणी!”

 आपल्या हाताची आंघोळ गाडीला बाधेल, हे त्यांच्या मनाला पटेना. इंजिन चालू ठेवूनच उतरल्या, बॉनेट उघडलं, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि रोज ओतायच्या तशी ओतली. गाडी दोनदा खोकली. मग बंद पडली. चावी फिरवली तर घर्र घर्र, आमची ओळखीची.

“ये क्या कर दिया!” सतबीर कपाळाला हात लावून म्हणाला. “अच्छी-भली चल रही थी!” त्याने दोर गुंडाळला आणि या कॉलनीतल्या बायका वेड्या आहेत असं काहीतरी हरयाणवीत पुटपुटत निघून गेला.

तो गेला याची बाईंना दादच नव्हती. त्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या होत्या. “मीच गं,” त्या गाडीला सांगत होत्या. “लाडानं न्हाऊ घालून घालून मीच तुला गारठवत व्हते.” कमलजीत धावत घरात गेली आणि केस वाळवायचं मशीन घेऊन आली. खिडकीतून लांब वायर ओढली. मग आम्ही तिघींनी त्या इंजिनाचे केस वाळवले, बाईंच्या पदराने तारा पुसल्या, आणि गाडी पुन्हा चालू झाली. कमलजीतने तिथेच भांगडा केला. मी तिळगूळ वाटला. बाईंच्या तोंडात लाडू होता तरी त्या जयेशच्या बॅटरीला शिव्या देत होत्या.

मेकॅनिकने दुपारी येऊन सांगितलं की प्लगच्या तारा जिथून निघतात त्या टोपीला वयाने बारीक तडे गेलेत. त्यात पाणी शिरतं. उन्हाळ्यात रात्रीत वाळतं, थंडीत वाळत नाही. त्याने टोपी बदलली. तरी बाईंनी ठरवलं, आता होळीपर्यंत गाडीला पाण्याचं बोट लावायचं नाही.

तो हिवाळा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. रोज सकाळी गाडी पहिल्या फटक्यात उठे. गेलेल्या बायका परत आल्या, नव्या आल्या. पण गाडीवर धुळीचा थर चढत चालला आणि बाई संध्याकाळी तिच्याभोवती हात चोळत फिरायच्या. मग कोणीतरी, बहुतेक कमलजीतने, लायसन्स मिळालं त्या दिवशी मागच्या दारावर धुळीत बोटाने आपलं नाव लिहिलं. त्याखाली मी लिहिलं. मग प्रथाच पडली. जिला लायसन्स मिळे ती नाव लिही. हिंदीत, इंग्रजीत, गुरुमुखीत. बाईंना धूळ सहन होत नसे, पण त्यांनी एकही नाव पुसलं नाही.

मी त्यांना तेव्हा सरळ सांगितलं होतं. म्हटलं, बाई, या गावात मला तुम्ही माणसात आणलंत, नाहीतर मी अजून मोहरीच बघत असते. त्या म्हणाल्या, “मी कुनी न्हाई गं. ज्यानं मला शिकवलं त्येचं हे.”

धुळवडीला ऊन कडक पडलं. बाईंनी बादली भरली. आम्ही सगळ्या रंगात माखलेल्या, गाडीभोवती जमलो. पाणी ओतायच्या आधी त्या एकेक नाव मोठ्याने वाचत गेल्या. जे वाचता येत नव्हतं ते आम्हाला विचारून. माझ्या नावापाशी थांबल्या. “हिचं लिवलंय खरं, पर रिव्हर्स अजून येत न्हाई.” सगळ्या हसल्या.

शेवटी त्या ड्रायव्हरच्या दाराशी आल्या. तिथे, अगदी खाली, कडेला, एक नाव होतं. ते आमच्यापैकी कोणीच लिहिलेलं नव्हतं. अक्षर गिरवून गिरवून काढलेलं, मराठीत. आम्ही ते पहिल्यांदाच बघत होतो.

बाईंनी पदर सावरला. इतकी वर्षं जे नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं, ते सगळ्यांसमोर घेतलं.

“हिंदुराव,” त्या म्हणाल्या, आणि मग पाणी ओतलं.