हेमचंद्रची दुसरी धाव

गुरुदत्तनं त्या दिवशी तोंडात बटाटेवडा ठेवला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. पण अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मैदानावर बाप विरुद्ध मुलं असा बेसबॉलचा गमतीचा सामना होता, बापांकडे एक गडी कमी पडला, आणि गुरुदत्तनं आपल्या मित्राला, हेमचंद्रला, पुढे ढकललं. म्हणे, हा आमच्या कॉलेजचा ओपनिंग बॅट्समन.

हेमचंद्र दिवसा मोटारींच्या ब्रेकचा इंजिनिअर आणि शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, खेळांचा तत्त्वज्ञ. कुठल्या देशात कुठला खेळ का, याचं उत्तर त्याच्याकडे पानसुपारीसारखं तयार. कबड्डी आपली, कारण श्वास फुकट मिळतो. क्रिकेट इंग्रजांचं, कारण पाच दिवस काम न करता जेवायची सोय त्यांनी जगभर करून ठेवली होती. आणि बेसबॉलमध्ये घरून निघून चक्कर मारून घरीच यायचं. ज्यांचे आजे घर सोडून आले, त्यांना दुसरं काय सुचणार? त्याची बायको, वीणावहिनी, म्हणायच्या, हे ऐकता ऐकता माझी आमटी दोनदा करपली.

हौस एकच. पुण्याहून आणलेली क्रिकेटची बॅट विक्रमनं, त्याच्या मुलानं, एकदा हातात धरावी. पोरगं बेसबॉलमध्ये बुडालेलं.

तर हेमचंद्रनं चेंडू लांब मारला. बॅट न टाकता धावला, पहिल्या बेसला ती टेकवली, आणि हाडात मुरलेली सवय, “दोन!” म्हणत, पुढच्या बेसकडे जायचं सोडून गर्रकन वळून उलटा पळत सुटला. त्या बेसवर विक्रमच होता. चेंडू त्याच्या हातात आला. मध्येच गोंधळून थांबलेल्या बापापाशी तो चालत गेला, पाठीला चेंडू लावला आणि बापाला आउट केलं. मैदान हसून लोळलं. सगळ्यात मोठ्यानं गुरुदत्तच हसला. हसला नाही तो फक्त विक्रम.

परतताना मागच्या सीटवरून तो म्हणाला, “डॅड, माझ्या टीमच्या फायनलला प्लीज डोन्ट कम.”

फायनलच्या दुपारी गुरुदत्त श्रीखंडाचा डबा घेऊन हेमचंद्रच्या घरी गेला. वीणावहिनी विक्रमबरोबर मैदानावर, आणि हेमचंद्र परसात त्याच पुण्याच्या बॅटनं टोमॅटोचे खुंट ठोकत होता. गुरुदत्तला पाहूनही ठोकतच राहिला. जुनी कळ दाबली की गडी बोलायला लागेल, म्हणून गुरुदत्तनं विचारलं, “हेमू, एवढ्या देशांचं सांगतोस, मग क्रिकेट इथं का नाही रे रुजलं?”

हेमचंद्रनं खुंटावर आणखी एक घाव घातला.

“विक्रम नको म्हणाला.”