तात्याबाची ठिणगी दौंडला गेली

निमोण्याच्या पारावर तात्याबाला कुणी नुसतं तात्याबा म्हणत नाही. "कुत्र्यावाला तात्या" म्हणतात, तेही तोंडावर. उमेदीची सगळी वर्षं पुण्याकडच्या एका केनेलवर दुसऱ्यांची कुत्री शिकवण्यात गेली. थकून गावाकडे परत आला तर इथंही फार्महाऊसवाल्यांची कुत्री दारात यायला लागली. "माणसं ऐकंनात म्हणून कुत्र्यांच्या मागं लागलाय," असं कुणी चिडवलं की तो म्हणायचा, "कुत्रं एकदा शिकलं की इसरत तरी न्हाई बाबा." एवढं बोलून गप्प बसायचा. भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि तात्याबाचा सगळा जोर मैदानावर संपलेला असायचा.

मैदान म्हणजे ओबिडियन्स ट्रायलचं, कुत्र्यांच्या हुकूम पाळण्याच्या स्पर्धेचं. लोकांना वाटतं कुत्र्यांची स्पर्धा म्हणजे केस विंचरून मिरवायचं. तो शो, तिथं दिसण्याला मार्क. ट्रायलमध्ये दिसण्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही. तिथं हँडलरच्या, म्हणजे कुत्रं चालवणाऱ्याच्या, डाव्या बाजूला पायाला चिकटून चालायचं, आधी नेहमीसारखं, मग सावकाश, मग पळत. सांगितलं की बसायचं, आडवं व्हायचं, लाकडी डंबेल तोंडात धरून आणायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, हँडलर नजरेआड गेला तरी ठेवलंय तिथंच पडून राहायचं. त्याला "स्टे" म्हणतात. भल्याभल्यांची कुत्री तिथं उठून मालकाला हुडकत फिरतात आणि मालकाचं तोंड बघण्यासारखं होतं.

जातींबद्दल विचारलं की मात्र तात्याबा खुलायचा. "लॅब पोटासाठी ऐकतो, अल्सेशियन मालकासाठी ऐकतो, आन् मॅलिनॉय कामासाठी ऐकतं," म्हणायचा. वर सांगायचा की जात विचारून भागत नाही, घराणं विचारा. एकाच जातीत दिसण्यासाठी पैदास केलेली कुत्री वेगळी आणि कामासाठी पैदास केलेली वेगळी. शोवाल्यांनी अल्सेशियनची पाठ उतरती करत करत पार घसरगुंडी करून ठेवली. कामाच्या घराण्यातला सरळ पाठीचा, रंगानं मळकट, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण दिवसभर राबवा, संध्याकाळी परत दारात उभा.

ठिणगी ही अशाच कामाच्या घराण्यातली मॅलिनॉय. तांबूस अंग, काळं तोंड, काटकुळी. पिल्लू असताना कुणी घेईना म्हणून तात्याबाच्या पदरात पडली. बायको धुरपदा म्हणाली, "कोल्हं कशाला आणलंत घरात?" महिनाभरात तेच कोल्हं धुरपदाच्या मागं मागं झेंडूच्या वाफ्यातनं फिरायला लागलं, आणि मग ते कोल्हं आहे असं दुसऱ्या कुणी म्हणायची सोय राहिली नाही. ठिणगीनं तात्याबाला जे दिलं ते केनेलवरच्या कुठल्याही कुत्र्यानं दिलं नव्हतं. पुण्यात, नगरला, बारामतीकडं, जाईल तिथं ती पहिल्या दोघा-तिघांत यायची. तात्याबाचं म्हातारपण तिनं जरा लांबवलं म्हणायला हरकत नाही.

पण गुडघा काही कुणाचं ऐकत नाही. ओबिडियन्समध्ये एक रीत आहे. कुत्र्याला बरोबर न्यायचं असेल तर हँडलरनं डावा पाय आधी टाकायचा, आणि ठेवून जायचं असेल तर उजवा. कुत्रं शब्दाआधी पाय बघतं. मागच्या हिवाळ्यात ट्रायलला जजनं "फॉरवर्ड" म्हटलं, आणि तात्याबाचा डावा गुडघा आखडला. उजवा पाय आधी पडला. तोंडानं "हील", म्हणजे पायाशी चल, म्हटलं खरं, पण ठिणगी जागची हलली नाही. तात्याबा एकटाच चार पावलं पुढं चालत गेला, शेजारी कुत्रं आहे असं समजून. लोक हसले. पुढं पळायची पाळी आली तेव्हा तर तो पळूच शकला नाही. ठिणगी त्याच्या लंगडण्याला लंगडं पाऊल जुळवत चालत राहिली.

तिची काहीच चूक नव्हती, हे त्याला जास्त लागलं.

त्यानंतर त्यानं ठरवून टाकलं. ठिणगी ऐन भरात होती आणि तिला पळणारा माणूस हवा होता. मुलगा ज्ञानेश रांजणगावला कंपनीत शिफ्ट करून शेती बघत होता, त्याला कुत्र्यासाठी वेळ कुठला? दौंडजवळ भीमेकाठी ऊस असणाऱ्या हौसरावांची लेक तेजश्री, तिला ट्रायलचं वेड. ती तात्याबाकडे शिकायला यायची, हात हलका होता आणि पोरीला धीर होता. तात्याबानं तिलाच विचारलं, "ताई, ठिणगीला सांभाळाल का?" ती ठिणगीच्या काळ्या तोंडावरनं हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आबा, तुम्ही खरंच देताय?"

न्यायला पिकअप आली त्या दिवशी धुरपदा घरातनं बाहेर आली नाही. आतनंच म्हणाली, "जनावर दारातनं गेलं की मागं बघायचं न्हाई आन् मागं जायाचं न्हाई. त्याचं मन तिकडं लागत न्हाई मग." बैल दिला तेव्हाही या घरानं हेच केलं होतं, गाय दिली तेव्हाही. ठिणगी पिकअपच्या हौद्यात चढली खरी, पण फाळका लावायच्या आत परत खाली उडी मारायला बघायला लागली. तेव्हा तात्याबानं तिच्या नाकासमोर तळवा धरला आणि म्हणाला, "डाऊन. स्टे." ती पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडली. फाळका लागला. तात्याबा वळला आणि सरळ कांद्याच्या वावरात निघून गेला. मागं बघितलं नाही.

तीन-चार दिवसांनी तेजश्रीचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"आबा, ती खात नाहीये. पाणी थोडं पिते. डॉक्टर बघून गेले, ताप नाही, काही नाही. खाली उतरवलं की लघवीला जाऊन येते आणि परत पिकअपमध्ये जाऊन पडते. पिकअप गावात गेली तर गाडी उभी असते त्या जागेवर येऊन पडते. मी हाक मारली, मटण दाखवलं, तुम्ही म्हणता तसं 'झालं' पण म्हणून बघितलं. नुसती बघते माझ्याकडं."

"मन लागायला येळ लागतो ताई."

"तसं नाही वाटत हो. रुसलेलं कुत्रं असं पडत नाही. ही अगदी सरळ पडलीय, ट्रायलमध्ये पडते तशी." मग तिनं विचारलं, "निघताना तुम्ही तिला काय सांगितलं होतं?"

तात्याबाला फाळका लावायच्या आधीचे आपलेच शब्द आठवले: डाऊन, स्टे.

नियम त्याचाच होता. स्टेवर ठेवलेल्या कुत्र्याला लांबून हाक मारून उठवायचं नाही. ज्यानं ठेवलं त्यानंच चालत परत यायचं, मागनं वळसा घालून त्याच्या शेजारी उभं राहायचं, खांद्याला हात लावायचा आणि "झालं" म्हणायचं. तोवर जग इकडचं तिकडं झालं तरी उठायचं नाही. हे पक्कं व्हावं म्हणून त्यानंच परक्या माणसांना तिला हाका मारायला लावल्या होत्या, मटणाचे तुकडे पुढ्यात टाकायला लावले होते, "झालं, झालं" म्हणायला लावलं होतं. ती कधी फसली नव्हती. आताही तिला वाटत असणार की तेजश्री परीक्षाच घेतीय. आणि बैलाची रीत कुत्र्याला लावून हा शहाणा वावरात निघून गेला होता. जन्मभर लोकांना सांगत आला की बसवलेलं कुत्रं विसरू नका, आणि स्वतःचंच बसवून विसरला.

"मी येतो," तो म्हणाला. "तिला काय करू नका. मी आल्याबिगर ती उठायची न्हाई."

धुरपदानं पिशवीत पाण्याची बाटली घातली. रीत मोडायला निघालाय हे तिला कळत होतं. तरी एवढंच म्हणाली, "गुडघ्याला पट्टा बांधा."

न्हावऱ्यापर्यंत एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर मागं बसून, तिथनं एसटीनं चौफुल्याला, तिथं उन्हात ताटकळून मग दौंडची गाडी. दर गाडीत चढताना गुडघा ओरडत होता. शेजारचा माणूस उसाच्या तोडीबद्दल काहीबाही विचारत होता, तात्याबा हूं हूं करत होता. त्याला एकच दिसत होतं, तिची पायांवर टेकलेली हनुवटी. इतका थकवा त्याला कधी आला नव्हता. शीण प्रवासाचा नव्हता. कुणीतरी आपल्या शब्दावर उपाशी पडलंय, याचा होता.

हौसरावांच्या वस्तीवर पोचला तेव्हा पिकअप अंगणात गोठ्यासमोर उभी होती, फाळका उघडा. तेजश्री पायरीवर बसून होती, डोळे सुजलेले. तात्याबा फाटकातनं आत आला आणि ठिणगीनं त्याला बघितलं. कान ताठ झाले. शेपूट हौद्याच्या पत्र्यावर आपटायला लागली. पण ती उठली नाही. अजून तो शेजारी आला नव्हता ना. बरगड्या वर आलेल्या, तोंड सुकलेलं, तरी पोरगी नियम पाळत होती.

एवढं शिकवायची काय गरज होती, असं तात्याबाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

हौसरावांनी आधार दिला तेव्हा तो कसाबसा हौद्यावर चढला. घाई केली नाही. मागनं वळसा घातला, तिच्या शेजारी उभा राहिला, वाकला आणि खांद्याला हात लावला. "झालं," तो म्हणाला. "झालं गं बाई. चुकलो मी."

मग काय विचारता. ती त्याच्या अंगावर चढली, खाली पडली, परत चढली, गळ्यातून कसला तरी आवाज काढत त्याचे हात, कान, टोपी सगळं चाटून काढलं. तो पत्र्यावर फतकल मारून बसला आणि तिला कवटाळून रडला. लाज वाटली नाही. तेजश्रीनं भात-मटणाचं ताट आणलं, ते तात्याबानं आपल्या हातानं न घालता तिलाच घालायला लावलं. ठिणगीनं ताट चाटूनपुसून साफ केलं.

हौसराव बाजूला येऊन म्हणाले, "तात्याबा, घेऊन जावा तिला. मुक्या जनावराला असं झुरवायचं पाप नको आपल्याला. तेजश्रीची समजूत मी काढतो."

तेजश्री मान खाली घालून म्हणाली, "हो आबा. न्या तुम्ही."

आता खरं सांगायचं तर तात्याबाला तेच ऐकायचं होतं. सकाळपासनं तो मनात तेच घोकत होता. न्यावी, दारात बांधावी, आपण बाजेवर पडावं, तिनं बाजेखाली पडावं. कुणाच्या बापाचं काय जातंय? पण एका फार्महाऊसवर बांधून ठेवलेलं मॅलिनॉय त्यानं बघितलं होतं. कामाविना त्यानं स्वतःचीच शेपटी कुरतडून रक्तबंबाळ केली होती. बसून खायची ती जातच नाही. आणि बसण्याशिवाय आता तात्याबाकडं देण्यासारखं काय उरलं होतं?

"न्हाई," तो म्हणाला. "ताई, उठा. आता तुम्ही बसवा तिला, आन् तुम्हीच उठवा. माझ्यासमोर."

तेजश्रीनं ठिणगीला अंगणात मधोमध आणलं. "डाऊन. स्टे." ठिणगीनं आधी तात्याबाकडं बघितलं. तो हात मागं बांधून जमिनीकडं बघत उभा राहिला. एक बोट हललं असतं तरी ती धावत आली असती, हे त्याला माहीत होतं. ती पडली. तेजश्री गोठ्यामागं गेली, जरा वेळानं परत आली, मागनं वळली, खांद्याला हात लावला. "झालं." ठिणगीनं परत एकदा तात्याबाकडं मान वळवली. त्यानं तोंड फिरवलं. मग मागं तिच्या उठण्याचा आवाज आला, आणि तेजश्रीचा, हसतेय की रडतेय कळू नये असा.

"आता पळवा तिला," तात्याबा तिकडं न बघताच म्हणाला. "लई दिवस पळली न्हाई ती."

तेजश्रीनं "हील" म्हटलं आणि उसाच्या कडेच्या बांधानं पळत सुटली. ठिणगी तिच्या पायाला चिकटून, मान वर करून, नजर तेजश्रीच्या तोंडावर. तेव्हा कुठं तात्याबानं वळून बघितलं. इतकी वर्षं तिला पळताना त्यानं कधी लांबून बघितलंच नव्हतं, कारण पळताना तो कायम तिच्या शेजारी असायचा. काय पळत होती! बांधाच्या टोकाला वळली, परत आली, त्याच्यासमोरनं गेली, तरी तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. काम चालू असताना दुसरीकडं बघायचं नाही, हे त्यानंच शिकवलं होतं.

त्या दोघी परत लांबच्या टोकाला गेल्या तेव्हा त्यानं पिशवी उचलली. हौसराव चहाला थांबा म्हणत होते. नको म्हणाला, गाडी चुकंल.

दौंडच्या स्टँडवर बाकावर बसून तो गुडघा चोळत होता तेव्हा धुरपदाचा फोन आला.

"खाल्लं का तिनं?"

"खाल्लं. सगळं खाल्लं."

धुरपदाच्या मागं चुलीवर काहीतरी खदखदत होतं. तिनं हळूच विचारलं, "मग भाकरी किती जणांच्या थापू?"

समोर निमोण्याच्या दिशेची गाडी लागत होती, लोक दाराशी लोटालोटी करत होते.

"आपल्यापुरत्याच थाप," तो म्हणाला.