डॉक्टरांच्या खांद्यावरचा आषाढ

"दहा कोनाचे? तुमचे का माहे?"

दुखणं एक ते दहामध्ये किती, असं मी विचारलं की एक बाई उलट हेच विचारायच्या. आमच्या आंधळगावच्या दवाखान्यात सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला हा प्रश्न विचारावा लागतो. औषधं मी द्यायचो, कागदही मीच भरायचो. उत्तर मिळालं नाही की 'मध्यम' लिहून मोकळा व्हायचो. तुम्ही कधी असा कागद भरला असेल, तर हा शब्द किती सोयीचा आहे ते तुम्ही जाणताच.

या बाई विणकराच्या घरातल्या. आजार जन्माचा. सांधे सुजले की पेन धरवत नसे, सूत मात्र धरवत असे. दूरचे रुग्ण आपल्या दुखण्याची रोज नोंद ठेवतात आणि ती डॉक्टरांपुढे मांडतात, असं त्यांनी रुग्णांच्या फोनवरच्या गटात ऐकलं. लगेच गावातल्या अकरा आजारी बायकांना कामाला लावलं. दिवसाला नखभर सूत. बरा दिवस पांढरा, दुखरा दिवस लाल. मी हसलो होतो, हे कबूल करतो.

गावही हसलं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांतच या पोरी आजारी पडतात, काम निघालं की दुखणं निघतं, असं सासवा म्हणत. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर बोलून राहिल्या. तेच त मोजाचं हाये."

जेठ ते माघ मोजून झाल्यावर त्यांनी मागावर एक कापड विणलं. प्रत्येकीच्या सुताबरहुकूम दोन-दोन बोटं रुंद पट्टा रंगवला, आणि मूळ सुतं पुरावा म्हणून काठात विणून टाकली. कापड पसरलं तर आषाढात सगळ्या पट्ट्यांवर लाल एकाच ओळीत आलेलं. दिवसभर गार चिखलात उभं राहिलं की दोन दिवसांनी दुखणं उठतं, हे अंगठेबहाद्दरालाही दिसावं.

मग शिबिराला शहरातून मोठे डॉक्टर आले. त्या कापड घेऊन मंचावर चढल्या, दोन्ही हातांनी पुढे केलं. आपल्याकडे मंचावर कोणी कापड पुढे केलं की पाहुणा काय करतो? डॉक्टरांनी मान वाकवली, शाल खांद्यावर घेतली, हात जोडले. टाळ्या पडल्या. नारळ माझ्याच हातात होता, तोही मी तत्परतेने दिला. फोटो निघाला. अकरा जणींचे नऊ महिने खांद्यावर टाकून डॉक्टर गाडीत बसले. त्या गाडीमागे चार पावलं धावल्या आणि गुडघा धरून बसल्या. मला तेव्हा कुठे कळलं.

कापड परत मागायला मी पत्रं लिहिली. उत्तरात शालीबद्दल आभार आले.

दवाखान्यात त्या शिबिराचा फोटो टांगला होता. त्या येत, नव्या पोरींना अन् त्यांच्या सासवांना समोर उभं करत, आणि डॉक्टरांच्या डाव्या खांद्यावर बोट ठेवत. "हा आषाढ. हिले चिखलाच्या बांधीत उतरवू नोका, कोरड्या धुऱ्यावर रोपाच्या पेंढ्या बांधू द्या."

गेल्या पौषात त्या वारल्या. शेवटच्या दिवशी मी कागदावर 'मध्यम' लिहिलं नाही. दुसरं काय लिहावं तेही सुचलं नाही, म्हणून रकाना कोराच सोडला.

यंदाच्या रोवण्यात सिकलसेलच्या तीन पोरी धुऱ्यावर बसून पेंढ्या बांधत होत्या. फोटोच्या काचेवर, डाव्या खांद्यापाशी, बोटांचा तेलकट डाग पडला आहे. झाडूपोछावाली बाई तो पुसायला जाते, तेव्हा मी तिला दुसरं काम सांगतो.