साल्वियाचं पाणी

निवृत्त झाल्यावरही सगळे तिला सिस्टरच म्हणत. नवरा गेला आणि काळजी घ्यायला घरात उरला तो फक्त त्यानं दाराशी लावलेला निळ्या फुलांचा साल्विया. पेशंटला पाजावं तसं ती त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजायची. तरी पानं पिवळी पडून गळू लागली, तेव्हा धास्तावून तिनं नर्सरीवाल्याला बोलावलं.

त्यानं मुळाशी बोट खुपसलं. “सिस्टर, हा कोरड्या मातीतला गडी. तुमच्या लाडानं मरतोय. पंधरा दिवसांतून एकदा पाणी, बास.”

“आणि मधले चौदा दिवस मी काय करू?”

प्रश्न सरळ होता. तो मात्र थट्टा समजून हसला आणि निघाला.

साल्विया जगला. सिस्टर अजून रोज तांब्या भरून त्याच्यापाशी जाते, मातीत बोट घालून बघते आणि तांब्या तसाच परत आणते.