नाकवाली काकू

गोणी हातात आली की काकू आधी तिच्यात तोंड घालायच्या. डोळे मिटून एक खोल श्वास घेत आणि गोणी उजवीकडे किंवा डावीकडे टाकत. उजवीकडची खाण्याच्या जिनसांच्या पिशव्यांसाठी, डावीकडची कोळसा-लाकडांच्या पिशव्यांसाठी. नाक चुरचुरलं तर ती दाराबाहेर भिरकावत. बोईसरच्या बाजारात त्यांना सगळे नाकवाली काकूच म्हणत.

ऐंशीच्या दशकात बेटेगावात आमची खोली त्यांच्या खोलीला लागून होती. तारापूरच्या कारखान्यांतल्या, कधी खाण्याच्या मालाच्या तर कधी रसायनांच्या, रिकाम्या गोण्या भंगारवाला आणून टाकी. काकू निवडत, सून सुलभा धुई, काका मशीनवर पिशव्या शिवत आणि मुलगा त्या बोईसर-पालघरच्या बाजारांत विकायला नेई. गोण्यांवरची छपाई बहुतेक पुसलेली असे. कशात काय होतं, याचा निवाडा काकूंचं नाकच करी.

हुंगायचं ते धुण्याआधी, हा त्यांचा नियम. "धुतलं की वास जातो गो, आतलं जातंच असं नाय," असं त्या सुनेला बजावत. भंगारवाला हसे, "अम्मा, कुत्ते के माफिक सूंघती है." काकू म्हणत, "कुत्रा फुकट हुंगतो. मला पिशव्या इकायच्या हायत."

दिवाळीच्या तोंडावर एकदा सुलभा चुलीवर सुके बोंबील भाजत ठेवून पाण्याला गेली. करपल्याचा वास आमच्या खोलीपर्यंत आला. ती धावत परतली तेव्हा काकू चुलीपासून दोन हातांवर, तिच्याकडे पाठ करून, गोण्या निवडत बसल्या होत्या.

सुलभाने रॉकेलची बाटली उघडून सासूच्या नाकाशी धरली. "आई, कशाचा वास येतो?"

काकूंनी बाटली हाताने बाजूला सारली.

"कवापासून?"

"गणपतीपासून."

"मग एवढे दिवस काय हुंगत होतात?"

"अंदाजानं टाकत होते."

काकांनी मशीन थांबवलं. काकूंनी एक गोणी सुनेपुढे केली. "आता तू हुंग. तुझं नाक चांगलं हाय."

सुलभाला तेव्हा सहावा महिना होता. "तुमचं बी चांगलंच होतं. ह्या गोण्यांनीच गेलं. मी नाय हुंगणार."

"मग आमी खायचं काय?" मुलाने विचारलं.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "लोक कशातलं खातात ते बघू आधी."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः पालघरच्या बाजारात गेल्या आणि गणपतीनंतर विकलेल्या पिशव्या परत मागू लागल्या. एडवण गावची, सुकी मासळी विकणारी एक बाई भर बाजारात ओरडली, "इकलेली पिशवी परत मागते? येड लागलं काय गो तुला?"

"माझं नाक गेलंय, बाय. हिच्यात आधी काय होतं ते मला ठावं नाय."

"आणि आतली मासळी?"

"टाकून दे."

"आठ दिवस घरात हीच खाल्ली, तिचं काय करू?"

 काकू पिशवीसाठी हात पुढे करून तिथेच उभ्या राहिल्या. बाईने मासळी गटारात ओतली आणि पिशवी त्यांच्या अंगावर फेकली.

सगळ्या पिशव्या परत मिळाल्या नाहीत. कुणाला काही झालं का, तेही कधी कळलं नाही. त्यानंतर त्यांची पिशवी कुणी घेतली नाही. गणपतीआधीच्या चांगल्याही पडून राहिल्या. मुलगा तारापुरात एका कारखान्यात हमालीला लागला. काका शेजारपाजारचे परकर शिवू लागले. काकूंना जेवणाची चव लागेनाशी झाली. ताटात काय आहे ते बघून त्या गिळत.

सुलभाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी आम्ही बघायला गेलो. काकूंनी नात मांडीवर घेतली, कुठलीही आजी घेते तसं तिच्या टाळूला नाक लावलं आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग मान वर करून त्यांनी सुनेला हळूच विचारलं, "कसा येतो गो?"

सुलभा जवळ आली. वाकून तिने मुलीची टाळू हुंगली. "दुधाचा, आई. आणि थोडा वेखंडाचा."

काकूंनी मान हलवली आणि पुन्हा वाकल्या.