पहिल्याच टप्प्यात फुटलेलं यान

शहाद्याचे एक टीव्ही मेकॅनिक चाचा बोटं थरथरू लागल्यापासून रोज सकाळी कॅसेटवरचा जुना व्हिडिओ गेम खेळायचे. अंतराळयान न फुटता तिसऱ्या टप्प्यात पोचलं, तरच दुरुस्तीला बसायचे.

ते म्हणायचे, "डाक्टर गोड बोलस, नवा गेम चुकीले माफी देस. हाई यान खरं सांगस, भाऊ."

परवा मी बिघडलेला रेडिओ घेऊन गेलो, तर यान पहिल्याच टप्प्यात फुटलं. त्यांनी पुन्हा खेळून पाहिलं. पुन्हा फुटलं.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "रिमोटनं बटन दबत नही."

गेमच्या रिमोटचं बटण व्यवस्थित दबत होतं. पुढाऱ्यांच्या भाषणांतलं खोटं आयुष्यभर पेपरातून मोजत आलेला मी म्हणालो, "हां चाचा, बटनच खराब शे," आणि वडिलांचा तो रेडिओ दुरुस्तीला त्यांच्या पुढ्यात ठेवला.